समोरच्या वाफ्यात काय लावायचं

"घरात लग्नाची मुलगी आहे का कुणी?" रोपवाल्यानं विचारलं. कुंडी त्यानं उचलली होती, पण दिली नव्हती. पोटाशी धरून तसाच उभा होता. हा प्रश्न आपल्याला आहे हे मिर्ताला आधी कळलंच नाही. तिनं मागे वळून पाहिलं, तर मागे नुसती खताची पोती. "आहे ना," ती म्हणाली. "मीच." रोपवाल्याचा चेहरा असा काही पडला, की तिलाच त्याची दया आली. नेल्सन त्याचं नाव, सदऱ्याच्या खिशावर लाल दोऱ्यानं शिवलेलं. "तसं नव्हे हो बाई," तो म्हणाला, "हॉर्टेन्सिया म्हटलं की आम्हाला विचारावंच लागतं. नाहीतर नंतर लोक भांडायला येतात. गेल्या साली एक बाई झाड मुळासकट उपटून परत घेऊन आली. म्हणे, पोरीचं ठरलेलं मोडलं तुमच्या झाडामुळे. आता मी काय मोडायला गेलो होतो?" "माझं मोडायला काही ठरलेलंच नाही," मिर्ता म्हणाली. "बावन्न वर्षांची आहे मी." "मग न्या की खुशाल!" असं म्हणून नेल्सननं कुंडी हळूच खाली ठेवली, पायानं थोडी मागेही सरकवली, आणि म्हणाला, "वेली बघितल्यात का पण? भिंत मोठी असेल तर वेलीसारखं दुसरं काही नाही."

गंमत म्हणजे ती हॉर्टेन्सिया घ्यायला आलीच नव्हती. काय घ्यायला आलो आहोत हेच तिला ठाऊक नव्हतं. पुढच्या अंगणातला वाफा गेले तीन आठवडे उघडाबोडका पडला होता. आईच्या वेलींची मुळं सांडपाण्याच्या पाइपात घुसली, पाइप तुंबला, प्लंबरनं फाटकापासून ओट्यापर्यंत खणून काढलं आणि जाताना सगळं सपाट करून गेला. बोगनवेल गेली, लाल तुतारीची वेल गेली, बशीएवढी फुलं येणारी जास्वंद गेली, कर्दळी गेल्या. आई खिडकीतून बघत होती. मिर्ताला वाटलं, आता ही रडणार, प्लंबरला शिव्या घालणार. तर आई म्हणाली, "आता तूच निवड. मला काही वाकवत नाही." जूनमध्ये खुब्याचं हाड मोडल्यापासून आई खिडकीतल्या खुर्चीत बसून असते आणि सगळ्या सायागो वस्तीवर नजर ठेवते. तूच निवड! मिर्ता मालमत्ता नोंदणीच्या कचेरीत सत्तावीस वर्षं काम करते आहे, तिच्या हाताखालून अर्ध्या मोन्तेविदेओच्या जमिनी गेल्या. पण त्या दिवशी स्वतःच्या दारातल्या सहा हात मातीकडे बघताना तिला एकदम घाम फुटला. तिनं कधी फूल निवडलं नव्हतं. कचेरीत कुणाचा वाढदिवस असला की वर्गणी तिच्याकडे जमते आणि फुलं दुसरी कुणीतरी आणते. आपल्याला कोणतं फूल आवडतं, हा प्रश्न तिनं तीन आठवडे रोज स्वतःला विचारून पाहिला. बसमध्ये विचारला, दात घासताना विचारला. उत्तर येईना. दुसऱ्या कुणाबद्दल विचारतो आहोत असंच वाटे, आणि मग त्या दुसरीबद्दल तिला खरोखरच कुतूहल वाटायला लागलं. ही बाई आहे तरी कोण? हिला काय हवं असतं? आणि आज या शनिवारी, इतक्या कुंड्यांमधून, हिचं बोट नेमकं हॉर्टेन्सियाकडेच का गेलं?

नेल्सन पुढे आणि ती मागे, अशी ती वेलींच्या जाळीखालून चालत राहिली. तो बोलत होता. बोगनवेल घ्याल तर दहा वर्षं बघायला नको, पण काटे. पोस्टमन शिव्या घालेल. कृष्णकमळाला फळंही धरतात, पण सुरवंट चिकार, दोन दिवसांत वेल नागडी करतात. मधुमालतीचा वास छान, हिवाळ्यात मात्र तिची नुसती काटकी राहते. मिर्ता ऐकत होती आणि ऐकत नव्हती. पायाखालच्या ओल्या मातीचा वास येत होता आणि त्या वासात चौदाव्या वर्षीची एक सकाळ होती. तेव्हा त्यांच्या घरासमोर हॉर्टेन्सियाच होत्या, ओळीनं सात, चेंडूएवढ्या निळ्या गुच्छांच्या. बाबा त्यांच्या बुंध्याशी गंजके खिळे पुरत, निळा रंग चढावा म्हणून. त्या झाडांच्या आणि भिंतीच्या मधे एक पोकळी होती. तिच्यात मिर्ता बसायची, पुस्तक घेऊन किंवा न घेता. बाहेरचे पाय दिसत, ती कुणाला दिसत नसे. त्या सकाळी आईची मोठी बहीण, एल्सा मावशी, पाव आणि बातम्या घेऊन आली आणि फाटकातच उभी राहून आईवर ओरडली, "एल्बिया! पोर न्हाती-धुती झाली तरी हे पुढ्यात ठेवलंयस? अगं, माझ्या तिन्ही नणंदा बघ. दारात हॉर्टेन्सिया, घरात तिघी बिनलग्नाच्या म्हाताऱ्या!" आईनं त्याच दुपारी कुदळ घेतली. बाबा मधे पडले, म्हणाले, हा काय वेडेपणा. आई म्हणाली, "वेडेपणा तर वेडेपणा. उद्या पोरगी घरी राहिली तर तोंड कुणाला दाखवायचं? तुम्ही दाखवाल?" सातही झाडं निघाली. मुळांबरोबर खिळे निघाले, लाल-तपकिरी, मातीत विरघळत आलेले. मिर्ता ओट्यावर उभी राहून बघत होती. तिला वाईट वाटलं होतं का? वाटलं असावं. पण आता चाळीस वर्षांनी तिला आठवत होतं ते निराळंच. झाडं गेल्यावर भिंत एकदम उघडी दिसली, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसानं मान वळवून सरळ तिच्याकडे पाहिलं.

मग आईनं जी बाग लावली ती काही बाग नव्हतीच. दुकानाची काच होती. जे जे भडक, जे जे रस्त्याच्या दोन्ही टोकांवरून दिसेल, ते ते आईनं आणलं. लाल, जांभळं, पिवळं, शेंदरी. कुणाच्या भिंतीवरून फांदी लोंबत असली की आई येता-जाता मोडून घ्यायची; न विचारता घेतलेली काडी चांगली जीव धरते, अशी तिची खात्री. "माणसानं थांबायला पाहिजे," आई म्हणायची. "एकदा थांबला, की मग आपण आहोतच." आणि माणसं थांबत. म्हाताऱ्या थांबत, कुत्री थांबत, एकदा एक फोटोग्राफर थांबला. मिर्ताला संध्याकाळी पाणी घालायला बाहेर पाठवलं जाई, केस विंचरून, बरा झगा घालून. इतकी लाज वाटायची! त्या फुलांच्या पुढे उभं राहिलं की आपण आणखीच मळकट दिसतो, असं तिला वाटे. तेव्हापासून तिनं राखाडी, बदामी, आकाशी असेच रंग वापरले, आणि कचेरीतल्या बायका म्हणू लागल्या, मिर्ताची आवड किती साधी, किती नेमकी. तिलाही ते पटलं होतं.

"ही बघा," नेल्सन म्हणाला. "हिला संभाळावं लागत नाही, तुम्हालाच तिच्यापासून संभाळावं लागेल." संक्रांतवेल होती ती. नोव्हेंबर म्हणजे तिचा मोसम कधीच सरलेला, तरी शेंड्याला एक चुकार घोस राहिला होता, भगव्या नळ्यांचा. "ऐन थंडीत फुलते. जुलैच्या हिवाळ्यात सगळी भिंत पेटल्यासारखी दिसते. पण तुम्हाला नाही आवडायची," तो तिच्या बदामी कोटाकडे बघून म्हणाला. "काय राखून ठेवू तुमच्या नावावर? हॉर्टेन्सियाच का?" मिर्ता म्हणाली, "मी विचार करते," आणि हात हलवत बाहेर पडली.

घर बारा चौक दूर होतं. बस न घेता ती चालत निघाली, कारण डोक्यात वॉशिंग्टन आला होता. हॉर्टेन्सियाचं नाव निघालं की तो येणारच. वॉशिंग्टन सोसा. वॉशिंग्टन नावाचे चारजण तिच्या वर्गातच होते. हा पाचवा, बेकरीची गाडी चालवणारा. बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी तो फाटकाशी थांबला. लाल तुतारीच्या वेलीकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, "हिचं नाव काय हो?" आईचा जादूटोणा चालला होता शेवटी! दोन वर्षं तो आठवड्यातून दोनदा थांबत होता, आणि दोन वर्षं ते वेलींवरच बोलत होते. ऊन किती, पाणी किती, कीड कोणती. आई खिडकीच्या पडद्याआड असायची. मिर्ता तेवीस वर्षांची होती आणि तिला तो आवडायचा. त्याच्या मनगटावर पीठ असे. मग एका रविवारी त्यानं तिला समुद्राकाठी नेलं आणि गाडीतच विचारलं. गाडीत पावाचा वास होता. तिनं हो म्हणायला तोंड उघडलं होतं, हे तिला पक्कं आठवतं. तेवढ्यात तो आनंदाच्या भरात म्हणाला, "घर बघून ठेवलंय. पुढचं-मागचं सगळं अंगण फरशीचं करून टाकू. झाडांची कटकटच नको, काय?" आणि मिर्ता म्हणाली, "नाही." म्हणजे कशाला नाही? फरशीला? त्याला? त्यानं दोनदा विचारलं आणि तिनं दोनदा नाही म्हटलं. एवढ्याशा कारणासाठी कुणी नाही म्हणतं का? पुढे कितीतरी वर्षं तिनं तो नकार उलटापालटा करून पाहिला. माणूस वाईट नव्हता. फुलांचं नाटक त्यानं तिच्यासाठीच केलं होतं, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. पण नाही म्हटल्याबरोबर तिला इतकं हलकं वाटलं होतं, की परतताना ती बसमध्ये गुणगुणत होती. फाटकातून आत आली तेव्हा आईनं विचारलं, "काय म्हणाला?" आई घाबरलेली दिसली. मिर्ता म्हणाली, "काही नाही." आई तिच्याकडे बघत राहिली, मग मागच्या दारी गेली, आणि वॉशिंग्टन यायचा बंद झाला.

घरी पोचली तर आई खिडकीतच, मांडीवर येर्बाच्या कडू चहाचा पेला, तोंडात धातूची नळी. "रिकाम्या हातांनी आलीस? सकाळपासून वाट बघतेय मी. त्या समोरच्या बीबाचे दोन फोन येऊन गेले, म्हणे तुमचं अंगण आहे की कबरस्तान." "बीबाला म्हणावं, तुझीच जागा करून ठेवलीय," मिर्ता म्हणाली आणि कोट काढला. आई हसली. मग मिर्तानं सहज, गंमत म्हणून सांगायला घेतलं, "अगं, आज काय झालं. मी हॉर्टेन्सिया मागितली, तर तो रोपवाला मला विचारतो..." आईच्या हातातला पेला कलंडला, गरम पाणी गाऊनवर सांडलं, आणि आईनं ते झटकलंही नाही. "ती नको," आई म्हणाली. "दुसरं काही आण. काहीही आण. ती नको." "अगं पण आता माझं काय व्हायचं राहिलंय? या वयात—" "नको म्हटलं ना मिर्ता!" आवाज चिरकला. ब्याऐंशी वर्षांची बाई लहान मुलीसारखी रडायला लागली. मिर्तानं गाऊन पुसला, पाय भाजला नाही ना ते पाहिलं, पाणी दिलं. आई तिच्याकडे बघेना. असल्या समजुतींवर आईचा एवढा विश्वास आहे हे तिला ठाऊक होतं. पण हे विश्वासाचं रडं नव्हतं. बाबांची शवपेटी निघाली तेव्हासुद्धा आई अशी रडली नव्हती. काय आहे हे? मिर्ताला आईची कीव आली, आणि त्याहून जास्त, लाज वाटावी इतकं, कुतूहल वाटलं.

ओला गाऊन धुवायला ती मागच्या दारी गेली. कपडे धुण्याच्या दगडी टाकीशेजारी, भिंतीच्या कोपऱ्यात, एक झुडूप होतं. कायम होतं. त्याला नाव नव्हतं. आई त्याला "ते झुडूप" म्हणायची आणि त्यावर पायपुसणी वाळत घालायची. हिरवं, रुंद पानांचं, गुडघ्याएवढं, कधीच न फुलणारं. आज गाऊन पिळताना मिर्ताची नजर त्यावर गेली तर ते तिच्या कमरेपर्यंत आलं होतं, आणि प्रत्येक काडीच्या टोकाला हिरव्या-पांढुरक्या कण्यांचा एकेक गठ्ठा बसला होता, ज्वारीच्या कणसासारखा दाटीवाटीनं. हात ओलेच ठेवून ती वाकली. पानाची कड बोटानं चाचपली, करवतीसारखी. चौदाव्या वर्षी त्या पोकळीत बसून असली पानं तिनं शेकड्यांनी चुरगळली होती. आणि तीस वर्षं रोज या झुडपाशेजारी उभी राहून कपडे धुतले. पाहिलं नाही म्हणजे किती पाहू नये माणसानं! टाकीचा नळ वाहत होता, तो तिनं बंद केला.

"आई, टाकीजवळचं झुडूप तू कधी लावलंस?" तिनं दारातूनच विचारलं. आईनं डोळे मिटून घेतले. मग बोलली ती भिंतीशी बोलल्यासारखी. "तो पाववाला यायला लागला तेव्हा. मी पुढच्या खिडकीतून बघायची, तुम्ही दोघं हसत असायचा. मला इतकं बरं वाटायचं. आणि रात्री पलंगावर पडलं की तुझ्या बाबांची बाजू रिकामी. मग वाटायचं, ही गेली की या घरात मी आणि घड्याळ. एल्साच्या नणंदांकडे गेले आणि त्यांच्या दारातली एक काडी मोडून आणली. विचारलं नाही त्यांना. एकच लावली, मागे लावली. पुढे तर किती लावलं होतं गं मी तुझ्यासाठी! म्हटलं, एवढं सगळं पुढे आहे, मागच्या एकीनं काय होतंय. आणि तू त्या रविवारी आलीस आणि म्हणालीस, काही म्हणाला नाही. तेव्हाच उपटायची होती. मागे गेलेही होते उपटायला. हात लावला तर वाटलं, आता उपटून तो काय परत येणारे? मग दर ऑगस्टमध्ये बुंध्यापर्यंत छाटायची. जुन्या काडीवरच फूल येतं तिला. फूल आलं असतं तर तुला कळलं असतं. या वर्षी पाय मोडला." मग हळू म्हणाली, "तुझं आयुष्य मी खाल्लं, पोरी. रोज माफी मागते. देवाची मागते, तुझ्या बाबांची मागते. तुझी मागायची हिंमत झाली नाही."

मिर्ता खाली, आईच्या पायांशी बसली. तिला राग आला होता, खरा राग. ज्या बाईनं तिला झगा घालून फाटकात उभं केलं, त्याच बाईनं मागच्या दारानं जाऊन दोर ओढून धरला होता. आणि त्याच वेळी तिला हसू येत होतं, पोटातून, आवरेना असं. सांगावं की न सांगावं? न सांगितलं तर आई हे ओझं घेऊन जाईल. सांगितलं तर आईकडे काय उरेल? "आई," ती म्हणाली, "त्यानं विचारलं होतं. दोनदा. मीच नाही म्हटलं."

आईनं डोळे उघडले. "काय?"

"त्याला अंगणात फरशी घालायची होती."

"फरशी!" आई ताठ बसली, खुब्याची कळ विसरून. "फरशी? अगं, फरशीसाठी कुणी... अठ्ठावीस वर्षं मी इथं देवापुढे नाक घासतेय, आणि तुला फरशी नको होती? तुला सांगता येत नव्हतं मला?"

"तू विचारलं नाहीस पुन्हा."

"विचारू कशी? मला वाटत होतं, उत्तर मला माहितीये!" आईनं तिच्या खांद्यावर एक चापट मारली, चांगली जोराची, आणि तोच हात मग खांद्यावरच राहिला. "मग खरं सांग आता. फरशीचं नव्हतं ना ते?"

मिर्तानं विचार केला. या प्रश्नाचं उत्तर तिनं स्वतःला कधीच दिलं नव्हतं, आणि आता ते समोर येऊन उभं असल्यासारखं दिसलं; इतकं साधं, की तिला नवल वाटलं. "नव्हतं," ती म्हणाली. "मला घरी यायचं होतं. तू मला ठेवून घेतलं नाहीस, आई. मी राहिले."

समोरच्या उघड्या वाफ्यावर चिमण्या उतरल्या होत्या आणि माती उकरत होत्या. आईनं नाक पुसलं आणि मिर्ताकडे नीट, निरखून पाहिलं, नव्या शेजारणीकडे बघावं तसं.

"आणि मला कधी विचारलंस का," आई म्हणाली, "मला चालणार होतं की नाही ते?"